कारभार बाईंच्या हाती : कामा रुग्णालयाची वाटचाल

स्त्रियांच्या डॉक्टरकीचा विषय निघाला की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतात त्या डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाहून एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री कक्षाची जागा देऊ केली होती. तिथे रुजू होण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच १८८६ साली मुंबईत एक रुग्णालय सुरू झाले. मराठी मनात त्याला आनंदीबाईंइतकी जागा कधी मिळाली नाही, पण आनंदीबाईंची कहाणी जिथे तुटते तिथून पुढचा प्रश्न त्याने हाती घेतला. पदवी मिळवलेल्या बाईने काम कुठे करायचे, कोणाच्या हाताखाली, आणि वरची जागा तिला कधी मिळणार? हे रुग्णालय म्हणजे मुंबईचे कामा व आल्ब्लेस रुग्णालय. त्याचा इतिहास साधारणपणे देणगीदारांच्या नावांनी सांगितला जातो. ती नावे सांगितलीच पाहिजेत. मात्र या संस्थेला मोठे केले ते देणगीसोबत आलेल्या एका अटीने : रुग्णालयाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती राहील. इमारती मुंबईत त्या काळात पुष्कळ उठल्या. अशी अट मात्र सहसा नसे.

१८८० चे दशक : निधी, अट आणि इमारत

१८८२ मध्ये डॉ. फ्रान्सिस हॉगन यांनी एका इंग्रजी मासिकात हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे याविषयी लेख लिहिला. तो वाचून मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ जॉर्ज किट्रेज आणि पारशी सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली एकत्र आले आणि त्यांनी निधी उभा करायला घेतला. निधीची उद्दिष्टे तीन होती. विलायतेहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणायच्या. स्त्रिया आणि मुलांसाठी स्त्रियांनीच चालवलेले रुग्णालय आणि दवाखाना काढायचा. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे इथल्या मुलींना उघडून घ्यायची. तिसऱ्या उद्दिष्टाकडे इतिहासलेखकांचे लक्ष कमी जाते, आणि खरी दूरदृष्टी त्यातच होती. पहिली दोन कामे पैशाने होण्याजोगी होती. तिसऱ्यासाठी सरकार, विद्यापीठ आणि प्राध्यापक या तिघांना वळवावे लागले. ते साधले आणि १८४५ पासून केवळ मुलांचे असलेले ग्रँट कॉलेज १८८३ मध्ये मुलींना खुले झाले. व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने देशभर गाजलेला लेडी डफरिन फंड १८८५ चा, म्हणजे मुंबईच्या या नागरी प्रयत्नानंतरचा. ही तारीख मुद्दाम सांगावी लागते, कारण स्त्री-वैद्यकाचे सगळे श्रेय राजघराण्याच्या कृपेला देण्याची सवय अजून गेलेली नाही.

रुग्णालयासाठी पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी सुमारे १ लाख ६४ हजार रुपये दिले. दवाखाना जाफर सुलेमान यांच्या नावे झाला, आणि पुढे बमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून प्रसूती विभाग उभा राहिला. दुहेरी नाव आले ते तिथून. सार्वजनिक बांधकाम खात्याचे खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांनी इमारतीचा आराखडा केला. नोव्हेंबर १८८३ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. निधीची कल्पना एका अमेरिकन आणि एका पारशी माणसाची, पैसा पारशी आणि मुसलमान दात्यांचा, आराखडा पारशी अभियंत्याचा, आणि रुग्ण स्त्रिया सर्व जातिधर्मांच्या. जुन्या मुंबईचे हे वैशिष्ट्य आहे, आणि यातल्या एकालाच संस्थापक म्हणून पुढे करणे इतरांवर अन्याय करणारे ठरेल.

निधीने आणलेल्या पहिल्या डॉक्टर एडिथ पीची. एडिंबरा विद्यापीठात १८६९ मध्ये शिरलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत वर येऊनही तिथली शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली. ती मिळाली खालच्या क्रमांकाच्या मुलाला. पदवीसाठी त्यांना बर्नला जावे लागले. १८८३ च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या तेव्हा परीक्षेतल्या अन्यायाची त्यांना पुस्तकी माहिती नव्हती, झळ लागलेली होती. त्यांच्यामागोमाग डॉ. शार्लट एलॅबी आल्या. पीचीबाईंनी मराठी-गुजराती रुग्णांची नाडी तर पाहिलीच, पण तेवढ्यावर न थांबता समान कामाला समान पगार हवा असा आग्रह धरला, परिचारिकांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर जाऊन बसल्या. आज यात नवल वाटणार नाही. १८८० च्या दशकात मात्र रुग्णालयात शिरणारी बाई ही बहुतेक वेळा रुग्ण असे किंवा आया. तिथे बाई औषध लिहिते, दुसरी बाई तिच्या हुकुमाने ते देते, आणि दोघींच्या हजेरीपटावर तिसऱ्या बाईची सही असते, हे दृश्य पाहणाऱ्यांच्या पिढ्या इथून सुरू होतात.

या ठिकाणी एक आक्षेप समोर येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. फक्त स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय काढणे म्हणजे पडद्याला सरकारी मान्यता देणे नव्हे काय? परपुरुषाने बाईला हात लावू नये ही समजूत मोडण्याऐवजी तिच्या सोयीने इमारत बांधली, असे म्हणता येते, आणि तसे म्हणणारे तेव्हाही होते. आक्षेपात तथ्य आहे. फक्त त्यात काळाचा हिशेब नाही. समजूत बदलायला दोन-तीन पिढ्या लागतात. अडलेल्या बाळंतिणीच्या हाती दोन दिवसही नसतात. शिवाय कामा रुग्णालयामुळे पडदा बळकट झाला असता तर त्याच्याशी जोडलेल्या स्त्रिया पडद्याच्या बाजूच्या निघाल्या असत्या. निघाल्या नेमक्या उलट. पीचीबाईंनी १८९० मध्ये प्रार्थना समाजाच्या सभागृहात बालविवाहाविरुद्ध हिंदू समाजापुढे व्याख्यान दिले. आणि दुसरे नाव डॉ. रखमाबाईंचे.

रखमाबाईंचा खटला महाराष्ट्राला ठाऊक आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेले. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा अनुकूल निकाल. अपिलानंतर १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम. आणि कैद पत्करू, नांदायला जाणार नाही, हे त्यांचे उत्तर. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. पुढे काय? एक सुशिक्षित, गाजलेली, समाजाने अर्धी वाळीत टाकलेली तरुण बाई. तिला आधार देणारी सुधारक मंडळी होती, पण सुधारकांच्या आधारावर बाई किती वर्षे जगणार? रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. पीचीबाईंनी त्यांना उत्तेजन दिले, पैसे जमवायला मदत केली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. परत आल्यावर काही काळ त्यांनी कामा रुग्णालयातच काम केले, मग सुरत आणि नंतर राजकोट इथे मिळून तीन दशकांहून अधिक काळ स्त्री रुग्णालये चालवली. १९२९ मध्ये त्यांनी पडदा नाहीसा झाला पाहिजे अशी पुस्तिका लिहिली. सारा जन्म स्त्रियांच्या वेगळ्या रुग्णालयांत काढलेल्या डॉक्टरने ती लिहावी, हे वरच्या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे.

१८९० चे दशक : प्लेग

१८९४ मध्ये प्रकृतीमुळे पीचीबाईंनी रुग्णालयाची जबाबदारी सोडली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा त्या मुंबईतच होत्या आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या काळात घरोघरच्या तपासण्यांनी लोक बिथरले होते. सोजिराने माजघरात शिरणे आणि डॉक्टरीणबाईने शिरणे यात जमीन-अस्मानाचा फरक होता. हा फरक प्रशासनाला उशिरा कळला, ही गोष्ट वेगळी.

पीचीबाईंचे निधन १९०८ मध्ये झाले. त्यांचे पती हर्बर्ट फिप्सन यांनी रखमाबाई शिकल्या त्याच लंडनच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांच्या नावे शिष्यवृत्ती दिली. ती १९६४ पर्यंत दिली जात होती. नाशिकजवळ स्त्रिया आणि मुलांसाठीचे आरोग्यधामही या दांपत्याच्या नावे होते. 

१९०० ते १९२० : परक्या हातांचा प्रश्न

या काळात डॉ. अ‍ॅनेट बेन्सन यांनी रुग्णालय सांभाळले. स्त्री डॉक्टरांना सरकारी नोकरीत मानाचे, नेमक्या वेतनश्रेणीचे स्थान मिळावे म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत लिहिले-बोलले. १९०७ मध्ये स्त्री डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना आणि १९१४ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस यांच्यामागे हे श्रम आहेत. अंतर्गत मतभेद झाले, कोणत्या संस्थेत होत नाहीत? त्यांचा काथ्याकूट इथे करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मात्र इथेच घ्यायला हवा. ‘स्त्रियांच्या हाती कारभार’ म्हणताना त्या स्त्रिया कोण होत्या? पहिली चार दशके त्या विलायतेच्या होत्या. मुंबईची एल. एम. अँड एस. पदवी घेतलेल्या हिंदी मुलीला कामात वरची जागा हवी असेल तर विलायतेची पदवी लागे. ग्रँट कॉलेजचे दार उघडून देणाऱ्या चळवळीनेच आपल्या दाराशी हा उंबरठा ठेवावा, हे संस्थेच्या अभिमानासाठीही झाकू नये. पण तेवढ्यावरून अटच चुकीची ठरत नाही. प्रमुख जागा पुरुष सिव्हिल सर्जनकडे असती तर हिंदी स्त्रीला तिथे पोचायला दोन उंबरठे ओलांडावे लागले असते, बाई असण्याचा आणि हिंदी असण्याचा. कामा रुग्णालयात एकच उरला होता.

आपल्या मराठवाड्याच्या वाचकाने या ठिकाणी मुंबईबरोबर हैदराबादेकडेही पाहावे. इस्लापूर, किनवट, नांदेड, लातूर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथल्या मुलीला जवळचे वैद्यकीय विद्यालय हैदराबादचे. तिथे १८८५ मध्ये सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने मुलींना प्रवेश मिळाला आणि त्या पहिल्या तुकडीत रूपाबाई फर्दुनजी होत्या. लॉरी यांनी क्लोरोफॉर्मवर मोठे प्रयोग करवले. रूपाबाई भूलशास्त्रात तरबेज झाल्या, पुढे शिकायला एडिंबरापर्यंत जाऊन आल्या आणि हैदराबादच्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ म्हणून राबल्या. बाई म्हणजे फक्त बाळंतपण ही चौकट तिथे मोडली. पण यात दिसते ती व्यक्तीची कर्तबगारी; रुग्णालयाची प्रमुख बाईच असेल अशी अट तिच्यामागे नव्हती.  कामाच्या अटीचे महत्त्व या तुलनेत चटकन दिसते.

१९२० ते १९४७ : डॉ. जेरुशा झिराड

तो उरलेला उंबरठा ओलांडला डॉ. जेरुशा झिराड यांनी. जन्म १८९१ चा, शिमोग्याचा. घराणे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून वर आलेले, मराठी बोलणारे ज्यू. शिक्षण पुण्याच्या हायस्कूल फॉर इंडियन गर्ल्समध्ये आणि मग ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९१२ मध्ये एल. एम. अँड एस. झाल्या आणि पदवी हाती घेऊन त्याच उंबरठ्याशी येऊन थांबल्या. मग टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर त्या विलायतेला गेल्या. पुढे सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. पहिले महायुद्ध चालू असताना लंडनच्या रुग्णालयांत काम करत १९१९ मध्ये त्यांनी प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळवली. तोवर ही पदवी मिळवलेल्या हिंदी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग बंगळूर, मग १९२५ पासून कामात मानद शल्यचिकित्सक, आणि १९२८ च्या सुमारास रुग्णालयाच्या प्रमुख. या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय. १९४७ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

झिराडबाईंच्या कारकिर्दीत कामाचे रूप पालटले. तोवरचे कामा हे उत्तम रुग्णालय होते; त्यांनी त्याला शिकवणारी संस्था केले. पदव्युत्तर शिक्षणाची घडी बसवली, आणि प्रसूतिशास्त्र शिकायला विलायतेलाच गेले पाहिजे ही सक्ती आपल्यापरीने सैल केली. विलायती पदवीच्या ज्या अटीने त्यांना सात समुद्र ओलांडायला लावले ती पुढच्या मुलींसाठी त्यांनी निकामी करून टाकली. वैद्यकीय महाविद्यालयाला इमारत देणारे दाते अनेक असतात. विद्यार्थिनीला घरच्या घरी विशेषज्ञ करणारा विभाग देणे हे दातृत्व त्याहून मोठे मानले पाहिजे, जरी त्याची संगमरवरी पाटी कुठे लागत नसली तरी.

त्यांच्या कामातला एक भाग तर आजच्या प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात याचा त्यांनी रीतसर शोध घेतला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या या पाहणीचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणात मरण येणे हे बाईच्या नशिबाचा भाग समजले जाई. मृत्यूची नोंद झाली तरी कारणाची चौकशी होत नसे. झिराडबाईंनी प्रश्नच बदलला. ही बाई कधी आणली, किती उशिरा आणली, आधी कोणी तपासली होती का, अंगात रक्त किती होते, हात धुतलेले होते का? अशा चौकशीतून मृत्यू नशिबाच्या खात्यातून निघून व्यवस्थेच्या खात्यात येतो, आणि मग कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. आज जिल्हा पातळीवर प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण बंधनकारक आहे. त्या पद्धतीचे मूळ शोधताना हा अहवाल विसरता येत नाही.

झिराडबाईंना १९४५ मध्ये एम. बी. ई. आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाचे आणि स्त्री डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. धर्माच्या क्षेत्रातही १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यू मंडळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८४ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

१९४७ नंतर

स्वातंत्र्यानंतर कामा शासनाच्या जे. जे. समूहातल्या रुग्णालयांपैकी एक झाले. या काळाचा इतिहास नावांपेक्षा पाळ्यांचा आहे : हजारो निवासी डॉक्टर, परिचारिका, आया, सफाई कामगार. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे कुठल्या ग्रंथात सापडतील, म्हणून एका रात्रीचा उल्लेख पुरे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेकी रुग्णालयाच्या आवारात घुसले आणि दोन पहारेकरी मारले गेले. रात्रपाळीच्या एका परिचारिकेने प्रसूतिपूर्व कक्षातल्या वीस गरोदर स्त्रियांना कक्षाच्या टोकाच्या पँट्रीत हलवले, दारे लावली, दिवे मालवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने वर प्रसूती कक्षात नेले. तिथे मूल सुखरूप जन्मले. वरून आदेश येण्याची वाट कोणी पाहिली नाही. निर्णय कक्षातच घेतला गेला. पीचीबाईंनी सुरू केलेल्या परिचारिका वर्गाला सव्वाशे वर्षांनी मिळालेले हे प्रमाणपत्र म्हणावे लागेल.

आज

तिसरा आक्षेप आजचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत मुली भरपूर आहेत, शासकीय प्रवेशात त्यांच्यासाठी ३० टक्के आरक्षण आहे, स्त्रीरोग विभाग तर त्यांनीच भरलेले. मग वेगळ्या स्त्री रुग्णालयाचा आग्रह कशाला? मुंबईपुरते पाहिले तर हा प्रश्न योग्य वाटतो. तो नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापुरातून विचारून पाहावा. पैनगंगेच्या काठचा, सहस्रकुंडाजवळचा हा भाग; भोवती गोंड, कोलाम, आंध वस्त्या आणि बंजारा तांडे. अवघड बाळंतपण नांदेडला न्यायचे तर हिमायतनगर, भोकर मागे टाकत जावे लागते. मराठवाड्यात औरंगाबादला १९५६, अंबाजोगाईला १९७४, नांदेडला १९८८ आणि लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. नांदेडला श्यामनगरात स्त्री रुग्णालयही आहे. डॉक्टरीणबाई आता दुर्मीळ नाहीत, पण तांड्यावरच्या बाईशी पहिली गाठ पडते ती आशाताईची आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईची. धोका बहुधा त्याच आधी ओळखतात. गाडी बोलवायची की थांबायचे, हे ठरवताना त्यांच्या शब्दाला किती वजन असते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. कामाची मूळ अट इथे लागू करून पाहिली तर ती अजून जुनी झालेली नाही असे दिसेल : स्त्री कर्मचारी असणे वेगळे आणि निर्णय तिचा असणे वेगळे.

मुंबईत कामा रुग्णालयाचे काम वाढतेच आहे. प्रसूती, स्त्रीरोग, नवजात शिशू आणि कर्करोग उपचार यांबरोबर अध्यापन चालू आहे, आणि २०२४ मध्ये जी. टी. (गोकुळदास तेजपाल) व कामा या दोन रुग्णालयांना जोडून ५० जागांचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. किट्रेज आणि बंगाली यांना १८८३ मध्ये मुलींसाठी ग्रँट कॉलेजचे दार ठोठवावे लागले होते. आता त्यांच्या रुग्णालयाला जोडलेलेच महाविद्यालय आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुली मुंबईत राहतात की किनवटसारख्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा ताबा घेतात, हे त्यांच्या पहिल्या तुकडीच्या नेमणुका होतील तेव्हा कळेल.